आक्कांना कोठे ठेवायचे?

वारणाकाठच्या एका गावात, श्रावणातल्या एका दुपारी, घरच्या सोप्यात चौघांची बैठक भरली होती. थोरले चिरंजीव आणि त्यांची पत्नी, पुण्याहून आलेले धाकटे आणि इचलकरंजीहून आलेली लेक. आतल्या खोलीत ८२ वर्षांच्या आक्का पलंगावर टेकून बसल्या होत्या. ज्येष्ठ महिन्यात न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. मिरजेला शस्त्रक्रिया झाली, हाड बसले. परंतु वॉकर धरूनही चार पावलांपलीकडे जाणे कठीण झाले. त्यातच अलीकडे विसराळूपणा वाढला होता. औषधाची गोळी घेतली की नाही, हे त्यांना सांगता येईना.

थोरले म्हणाले, "आक्का इथंच राहणार. दुसरीकडं पाठवली तर लोक काय म्हणतील?" धाकट्यांचे म्हणणे पडले, "अण्णा, पुण्यात दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, मी घेऊन जातो." लेकीने चार-चार महिने वाटून घेण्याचा तोडगा सुचविला. मग ब्युरोतून बाई ठेवण्याची गोष्ट निघाली. शेवटी कोणीतरी हळू आवाजात 'वृद्धाश्रम' हा शब्द उच्चारला आणि सोप्यात शांतता पसरली. थोरली सून या सगळ्या वेळात एकदाही बोलली नाही. ती चहाचे कप गोळा करीत होती. तेवढ्यात आतून आवाज आला, "मला कुठं ठेवायचं ते ठरलं, की मलाही सांगा."

हे चित्र कोण्या एका कुटुंबाचे नाही. नाव-गाव बदलले की हीच बैठक सांगलीत, बारामतीत, पुण्याच्या बिबवेवाडीत किंवा मुंबईच्या मुलुंडमध्ये भरते. २०११ च्या जनगणनेतच देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक नोंदली गेली होती. आयुष्य लांबले, घरे लहान झाली, मुले गाव सोडून गेली. प्रेम आटले असे म्हणणे सोपे आहे. पण अनेक घरांत प्रेम शाबूत असते आणि व्यवस्था मात्र कोलमडलेली असते. आक्कांच्या बोलण्यातील 'ठेवायचं' हे क्रियापद म्हणूनच बोचते. वस्तू ठेवली जाते. माणूस राहतो. व्यवस्थांची तुलना करायची ती या फरकाचे भान ठेवून.

आधी कामाचा हिशेब

कोणती व्यवस्था चांगली, हे ठरविण्यापूर्वी काम किती आहे हे पाहावे लागते. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ मध्ये यासाठी सहा कामांची एक साधी यादी मांडली. स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीवर बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे. यांपैकी किती कामे वृद्ध व्यक्ती स्वतः करू शकते, यावरून तिला कितपत आधार लागेल याचा अंदाज येतो. आक्का स्वतः जेवतात, मलमूत्रावर त्यांचा ताबा आहे. स्नान, लुगडे नेसणे, उठणे-बसणे आणि रात्री शौचास जाणे या चार कामांना मात्र दुसऱ्याचा हात लागतो. शिवाय विसराळूपणामुळे औषधांवर लक्ष हवे.

आता तासांचा हिशेब. आठवड्याचे तास १६८. नोकरी करणारा माणूस साधारणपणे आठवड्याला ४८ तास काम करतो. म्हणजे अहोरात्र कोणीतरी जवळ असावे असे ठरले, तर ते साडेतीन माणसांचे काम होते. ही संख्या समोर ठेवली की घराघरांतील एक मूक सत्य उघडे पडते. 'आक्का आमच्याकडेच असतात' असे जेव्हा अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा साडेतीन माणसांचे काम बहुधा एकच स्त्री करीत असते. आक्कांची थोरली सून ५८ वर्षांची आहे. तिचे स्वतःचे गुडघे दुखतात. गेली तीन वर्षे ती माहेरी मुक्कामाला गेलेली नाही.

घरचेच हात

घरातील सेवेला तोड नाही, हे खरे आहे. ओळखीच्या भिंती, ओळखीचा आवाज, ठरलेल्या वेळी जिनमंदिरातील घंटा, गाळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण, या गोष्टी वृद्ध मनाला धरून ठेवतात. स्मृती क्षीण होऊ लागलेल्या व्यक्तीला तर परिचित जागा हा मोठा आधार असतो. स्वयंपाकघर कोणत्या बाजूला आहे हे पायांना ठाऊक असते, डोक्याला आठवावे लागत नाही.

परंतु घर म्हणजे आपोआप सुरक्षित जागा नव्हे. आक्का घरातच पडल्या. ओली फरशी, उंच उंबरठा, न्हाणीघरात धरायला काही नसणे आणि रात्रीचा अंधार ही घरातील पडण्याची नेहमीची कारणे आहेत. भिंतीला पकडदांडी, कमोडची योग्य उंची, न घसरणारी फरशी आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा, एवढ्या गोष्टी कोणताही माणूस ठेवण्याआधी करता येतात.

घरच्या सेवेचा दुसरा धोका सेवा करणाऱ्याच्या शरीरात साठत जातो. अपुरी झोप, कंबरदुखी, चिडचिड, आणि चिडचिड झाल्याबद्दल वाटणारी अपराधी भावना. थकलेला हात कठोर होतो. त्यात त्या हाताचा स्वभाव वाईट असतो असे नाही. म्हणून घरच्या सेवेचा निर्णय घेताना एक प्रश्न स्पष्टपणे विचारला पाहिजे: जी व्यक्ती हे करणार आहे, तिला आठवड्यातून किती तास सुटी मिळणार आणि त्या तासांत तिची जागा कोण घेणार? या प्रश्नाला नाव आणि वार यांसह उत्तर नसेल, तर ती व्यवस्था झाली असे म्हणता येणार नाही.

पाळीपाळीने

लेकीने सुचविलेली चार-चार महिन्यांची वाटणी न्याय्य वाटते. हिंडत्या-फिरत्या, तल्लख वृद्धांना ती मानवतेही. नातवंडे भेटतात, हवापालट होतो, कोणा एकावर भार येत नाही.

मात्र विस्मरण सुरू झाले असेल, तर हीच वाटणी त्रासदायक ठरते. दर चार महिन्यांनी नवी खोली, नवे न्हाणीघर, नवा शेजार. तिन्हीसांजेला अशा व्यक्ती अधिक अस्वस्थ होतात, 'मला घरी जायचंय' म्हणतात. आणि घर कोणते, हे त्यांना सांगता येत नाही. शिवाय डॉक्टर बदलतात, एकाने बंद केलेले औषध दुसऱ्या गावी सुरूच राहते. पाळी ठरवायचीच असेल, तर माणूस फिरविण्याऐवजी सेवा करणारे फिरावेत, ही रीत अधिक हिताची. आक्का गावी राहाव्यात आणि मुलांनी पाळीपाळीने गावी यावे. एका वहीत औषधांची यादी, मात्रा, रक्तदाब-साखरेची नोंद आणि डॉक्टरांचे कागद एकत्र असावेत. पाळी बदलताना ती वही हातोहात दिली जावी.

पगारी मदतनीस

ब्युरोतून येणारी मदत दोन प्रकारची असते. एक, स्नान, कपडे, शौच, भरविणे अशी कामे करणाऱ्या मावशी किंवा मामा. दुसरी, प्रशिक्षित परिचारिका. या दोहोंतील भेद अनेक कुटुंबांना कळत नाही. इंजेक्शन देणे, नळीवाटे अन्न देणे, जखमेची मलमपट्टी ही परिचारिकेची कामे आहेत. ती मावशींवर सोपविणे रुग्णासाठीही धोक्याचे आणि मावशींसाठीही अन्यायाचे. उलट, केवळ सोबत आणि आधार हवा असताना परिचारिका ठेवल्यास खर्च विनाकारण वाढतो.

'चोवीस तासांची बाई' हा शब्दप्रयोगही तपासून पाहण्यासारखा आहे. कोणीही माणूस चोवीस तास जागा राहू शकत नाही. घरात राहणाऱ्या मदतनीस स्त्रीला सलग झोप, जेवणाची वेळ, आठवड्याची सुटी आणि स्वतःची जागा मिळाली पाहिजे. रात्री चार वेळा उठावे लागत असेल, तर दिवसाची आणि रात्रीची माणसे वेगळीच हवीत. अहिंसा पाळणाऱ्या घरात दुसऱ्याच्या मुलीची झोप हिरावून आपल्या आईची सेवा होऊ नये.

व्यवहारात काही गोष्टी आधीच लेखी ठराव्यात: कामाची यादी, तास, सुटीच्या दिवशी बदली माणूस देण्याची ब्युरोची जबाबदारी, आणि ओळखपत्राची प्रत. पोलीस पडताळणी करून घ्यावी. पैसे, दागिने आणि बँकेची कागदपत्रे यांची व्यवस्था घरच्यांनी स्वतःकडे ठेवावी. म्हणजे संशयाला जागा उरत नाही आणि मदतनीस व्यक्तीचाही मान राहतो. पहिले काही दिवस घरातील कोणीतरी सोबत असावे. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि कमरेला जखमा होतात. ती बदलली जाते की नाही, हे पाठीची त्वचा रोज पाहूनच समजते.

स्वयंपाकघराचा प्रश्नही आधीच बोलून घ्यावा. कंदमुळे, रात्रीभोजन, पाणी गाळणे यांविषयी घरचे नियम नव्या व्यक्तीला शांतपणे, कारण सांगून समजवावेत. तिच्या स्वतःच्या जेवणाची वेळ आणि सोय काय, हेही त्याच वेळी ठरावे.

दिवसाचे केंद्र

शहरांत आणखी एक मधला मार्ग असतो. सकाळी जावे, सायंकाळी परतावे, अशी ज्येष्ठांसाठीची दिवसाची केंद्रे. काही ठिकाणी ज्येष्ठ नागरिक संघांची विरंगुळा केंद्रे आहेत. विस्मरणाच्या रुग्णांसाठी खास केंद्रेही मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चालतात. आई-वडील घरातच राहतात, नोकरी करणारी मुलगी किंवा सून कामावर जाऊ शकते आणि वृद्धांना समवयस्कांची संगत मिळते. धाकट्या चिरंजिवांच्या पुण्यातील प्रस्तावात हा विचार घालता आला असता. मात्र ने-आण करणारे वाहन, जिना की लिफ्ट, आणि संध्याकाळनंतरचे तास कोणाचे, हे प्रश्न उरतातच. खेड्यात अशी केंद्रे क्वचितच आढळतात. तिथे मंदिराचा सोपा आणि शेजारची आळी हेच दिवसाचे केंद्र असते.

वृद्धाश्रम

या शब्दाभोवतीची लाज थोडी बाजूला ठेवून विचार केला पाहिजे. पुण्यातील 'निवारा' ही संस्था डेव्हिड ससून यांच्या दानातून एकोणिसाव्या शतकातच उभी राहिली. म्हणजे निराधार वृद्धांसाठी सार्वजनिक आसरा ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. जैन समाजाला तर संस्थेतून होणाऱ्या सेवेची ओळख फार जुनी आहे. मुंबईच्या भुलेश्वरमधील पांजरपोळ १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि त्या काळच्या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. गावोगावच्या पांजरपोळांना जैन दात्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आधार दिला. थकलेल्या गाईला पांजरपोळात पोहोचविणारा माणूस स्वतःला पापी समजत नाही. तो तिथे चारा, पाणी आणि देखरेख नीट आहे ना, एवढे पाहतो. माणसाच्या बाबतीतही खरा प्रश्न देखरेखीचा आणि नाते टिकण्याचा आहे.

काही परिस्थितींत वृद्धाश्रम हाच अधिक चांगला पर्याय असतो. अपत्य नसलेली विधवा, एकमेव मूल परदेशी असलेले जोडपे, घरात सतत भांडणे असलेली व्यक्ती, किंवा समवयस्कांत स्वतंत्रपणे राहण्याची मनापासून इच्छा असणारे ज्येष्ठ. स्वेच्छेने गेलेला माणूस आणि समजूत घालून, 'चार दिवस राहून बघ' असे खोटे सांगून नेऊन सोडलेला माणूस, या दोघांच्या अनुभवात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

निवड करताना काही गोष्टी प्रत्यक्ष पाहाव्यात. अनेक वृद्धाश्रम केवळ स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश देतात. पुढे माणूस अंथरुणाला खिळला तर काय, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारावे. रात्री किती कर्मचारी असतात, डॉक्टर कधी येतात, रुग्णालय किती दूर आहे, अनामत रक्कम परत कधी आणि किती मिळते, शुल्क दरवर्षी किती वाढते, हे करारपत्रात पाहावे. न सांगता, जेवणाच्या वेळी एकदा भेट द्यावी. स्वच्छतेचा वास, आवाजाचा सूर आणि रहिवाशांचे चेहरे माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आणि कंदमुळांविना स्वयंपाक 'होईल की' असे तोंडी उत्तर मिळाले, तर त्या दिवशीची पंगत पाहून खात्री करावी. आणि भेटीचा वार ठरवावा. 'जमेल तेव्हा येऊ' या आश्वासनाचे काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे.

नियम आणि औषध

जैन घरांतील एक प्रश्न इतरत्र क्वचितच चर्चिला जातो. आयुष्यभर पाळलेला रात्रीभोजन-त्याग किंवा चौविहार म्हातारपणी, आजारपणात कसा सांभाळायचा? हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास आणि सूर्योदय सातच्या सुमारास होतो. त्यावर नवकारशीची ४८ मिनिटे धरली, तर अन्न-पाण्याविना जवळजवळ चौदा तास जातात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्या वृद्ध व्यक्तीची साखर या काळात धोकादायकपणे उतरू शकते. म्हणून नियमाची माहिती डॉक्टरांना पहिल्याच भेटीत द्यावी. औषधाच्या वेळा आणि मात्रा त्याप्रमाणे जुळविता येतात का, ते त्यांनी ठरवावे. घरच्यांनी स्वतःच्या मनाने मात्रा बदलू नये आणि गोळी गुपचूप दुधातूनही देऊ नये.

श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणात आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत आणि समाधी टिकविण्यासाठी औषध घेण्याचा विचार त्यांत आहे. दिगंबर परंपरेतही नियम शक्तीनुसार घ्यावा, असे मुनी-आर्यिका श्रावकांना सांगतात. तेव्हा वृद्ध व्यक्ती सावध असतानाच गुरूंशी आणि डॉक्टरांशी बोलून नियमाची मर्यादा ठरविली, तर पुढे तिची द्विधा होत नाही. पगारी मदतनीस असो की वृद्धाश्रम, हे ठरलेले कागदावर लिहून द्यावे. स्मृती गेल्यावर माणूस आपला नियम स्वतः सांगू शकत नाही. तो इतरांनीच जपायचा असतो.

कायदा आणि पैसा

'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ आणि कल्याण अधिनियम, २००७' या कायद्याने स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आई-वडिलांना मुलांकडून निर्वाह-खर्च मागण्याचा हक्क दिला आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाच्या न्यायाधिकरणापुढे होतो आणि मूळ कायद्यात ही रक्कम दरमहा १०,००० रुपयांपर्यंत ठेवली आहे. त्यातील एक तपशील विचार करायला लावतो. 'मुले' या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांचा उल्लेख आहे, सुनेचा नाही. कायद्याने जिचे नाव घेतले नाही, तिच्याच खांद्यावर रिवाजाने बहुतेक सारे काम टाकले आहे. आणि कायद्याने मुलाइतकीच जबाबदार धरलेली लेक 'ती आता परक्या घरची' म्हणून सेवेतूनही आणि निर्णयातूनही वगळली जाते.

याच कायद्याच्या कलम २३ मध्ये आणखी एक संरक्षण आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. मात्र ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी, हा शहाणपणा. प्रेमापोटी घर नावावर करून देणाऱ्या वृद्धांनी हे वाक्य वकिलाकडून आवर्जून घालून घ्यावे. अडचणीत सापडलेल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

खर्चाचा अंदाज घेताना रुग्णालयाचा खर्च आणि रोजच्या सेवेचा खर्च हे दोन वेगळे कप्पे मानावेत. ७० वर्षे आणि त्यावरील सर्व नागरिकांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण खुले झाले. पण ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी येणाऱ्या मावशींचा पगार, कमोडची खुर्ची, हवेची गादी, डायपर हा खर्च घरालाच करावा लागतो आणि तो वर्षानुवर्षे चालतो. भावंडांनी एक संयुक्त खाते उघडून त्यात दरमहा आपापल्या ऐपतीप्रमाणे रक्कम भरावी. जो प्रत्यक्ष सेवा करतो, त्याची सेवा हाच त्याचा वाटा धरावा. त्याच्याकडून पैशांचीही तेवढीच अपेक्षा करू नये.

संघाची सेवा

तत्त्वार्थसूत्रात आभ्यंतर तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. प्रायश्चित्त आणि विनय यांच्यानंतर तिसरे येते ते वैयावृत्त्य. स्वाध्याय आणि ध्यान यांच्याही आधी. ज्यांची सेवा करावी त्यांच्या यादीत 'ग्लान', म्हणजे आजाराने म्लान झालेले, यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात श्रावकाच्या चार शिक्षाव्रतांत वैयावृत्त्याला स्थान दिले. या उपदेशाचा मूळ संदर्भ मुनिसंघाचा आहे. परंतु त्यातील एक गोष्ट घरालाही लागू पडते: संघातील आजारी साधूची सेवा हे एखाद्या शिष्याचे नशीब नसते, ते साऱ्या संघाचे कर्तव्य असते. गृहस्थाच्या घरात मात्र हे तप एकीला नेमून दिले जाते आणि बाकीचे तिच्या पुण्याची प्रशंसा करतात.

घराबाहेरचेही हात यात येऊ शकतात, हे केरळने दाखवून दिले आहे. तिथे दीर्घकाळ आजारी असलेल्यांसाठी शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले; प्रशिक्षित परिचारिका घरोघरी जातात, स्वयंसेवक आठवड्यातील काही तास देतात. राज्य शासनाने २००८ मध्ये यासाठी धोरण स्वीकारले आणि ग्रामपंचायती त्यात सहभागी झाल्या. जैन समाजात महिला मंडळे आहेत, युवक मंडळे आहेत, पाठशाळा आहेत. पर्युषणात शेकडो माणसांच्या पारण्याची व्यवस्था चोख करणाऱ्या मंडळाला गावातील पाच घरांत आठवड्यातून दोन तास सोबतीला माणूस पाठविणे अवघड नाही. वॉकर, चाकांची खुर्ची, हवेची गादी अशी साधने मंदिराच्या एका खोलीत ठेवून गरजू घरांना फिरत्या तत्त्वावर देता येतील. एखाद्या थकलेल्या सुनेला मिळालेली दोन तासांची झोप हेही दानच आहे.

आक्कांचे उत्तर

बैठकीच्या त्या दुपारी आतून आलेल्या आवाजानंतर लेक उठून आक्कांजवळ जाऊन बसली. कोठे राहायचे, हे तिने विचारले नाही. "आक्का, तुझा दिवस कसा जावा असं तुला वाटतं?" एवढेच तिने विचारले.

आक्का बराच वेळ बोलल्या. रोज देवदर्शन घडावे, चालता आले नाही तर खुर्चीवरून का होईना. संध्याकाळी सोप्यात बसून येणारी-जाणारी माणसे दिसावीत. पुण्याच्या सातव्या मजल्यावरून "आभाळ दिसतं, माणूस दिसत नाही." दशलक्षणात मंदिरात असावे. नंतर त्यांनी जे सांगितले, ते कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. "हिला मला उचलताना बघून माझा जीव कासावीस होतो. तिचे गुडघे गेलेत. आंघोळीला पगारी बाई असली तर मला चालंल. लाज वाटंल, पण ओझं नाही वाटणार." आणि शेवटी, "माझं भान गेलं, तर जिथं जमंल तिथं न्या. पण गावोगाव फिरवू नका, आणि रात्रीचं खायला घालू नका."

त्या उत्तरावरून व्यवस्था ठरली. आक्का गावीच राहणार. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा शेजारच्या गावातील एक मावशी येणार; तिचा पगार धाकटे देणार. महिन्यातून एक शनिवार-रविवार ते स्वतः येऊन रात्रीची जाग करणार. इतर रात्री थोरले चिरंजीव आईच्या खोलीत झोपणार. लेक दर दोन महिन्यांनी आठवडाभर येऊन राहणार आणि त्या आठवड्यात थोरल्या सुनेला पूर्ण सुटी. मंदिराला नेण्यासाठी चाकांची खुर्ची घेतली गेली. न्हाणीघरात दांडी बसली. रात्री औषध घ्यावे लागू नये, यासाठी डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्या. सहा महिन्यांनी पुन्हा बसायचे, असेही ठरले. आक्का रात्री वारंवार उठू लागल्या, त्यांना माणसे ओळखू येईनाशी झाली किंवा थोरल्या सुनेची प्रकृती बिघडली, तर काय करायचे, ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले गेले. जिल्ह्यातील दोन वृद्धाश्रम पाहून ठेवण्याचे कामही थोरल्यांनी स्वतःकडे घेतले. दुपारी ज्या शब्दाने शांतता पसरली होती, तो शब्द संध्याकाळपर्यंत वहीत आला होता.

ही व्यवस्था कायमची नाही. मावशी काम सोडतील, धाकट्यांना एखाद्या शनिवारी येता येणार नाही, आक्कांची प्रकृती उतरेल. प्रत्येक वेळी पुन्हा बसावे लागेल आणि आक्कांना सांगता येईल तोवर त्यांना विचारावे लागेल.

अनंत चतुर्दशी झाल्यावर लेक आठवडाभरासाठी आली आणि थोरली सून तीन वर्षांनंतर माहेरी मुक्कामाला गेली. पहिल्याच संध्याकाळी तिचा फोन आला, "आक्का, दुपारची गोळी घेतलीत का?"

"घेतली," आक्का म्हणाल्या. "दिवस मावळायला आलाय. तू जेवून घे आधी."